वाचकांचे प्रश्न: चॅट सर्व्हर टाकलाय, पण फोन कनेक्टच होत नाही

प्रश्न: भाड्याच्या व्हीपीएसवर (इंटरनेटवरचं भाड्याचं मशीन) डेबियन लिनक्स आहे, त्यावर प्रोसोडी हे चॅट सर्व्हरचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलं. माझी वेबसाइट दुसऱ्याच होस्टिंगवर चालते म्हणून चॅटसाठी वेगळं सबडोमेन काढलं, पण युजरचा पत्ता मला मूळ डोमेनचाच हवाय. फोनवरून लॉगिन करायला गेलं की सर्व्हर सापडत नाही म्हणतं, आणि ॲपमध्ये सबडोमेन हाताने टाकलं तर सर्टिफिकेट मॅच होत नाही म्हणतं. सगळं पुसून परत टाकलं तरी तेच.

उत्तर: आता परत पुसू नका, प्रोसोडीला काही झालेलं नाहीये. एक्सएमपीपी (प्रोसोडी ज्या चॅट पद्धतीवर चालतं ती) सर्व्हर अडतो तो बहुतेक वेळा प्रोग्रामच्या बाहेर, म्हणजे डीएनएस (डोमेनचं नाव कोणत्या मशीनकडे जातं ते सांगणारी यादी), सर्टिफिकेट (सर्व्हर खरा असल्याचा पुरावा) नाहीतर पोर्ट (मशीनचा नंबरवाला दरवाजा). तुमच्याकडे पहिल्या दोन्ही गोष्टी अडल्यात.

फोन काय करतो बघा. तुम्ही पत्ता दिला मूळ डोमेनचा, तो डीएनएसला विचारतो की या डोमेनचा चॅट सर्व्हर कुठे आहे, तिथे एसआरव्ही रेकॉर्ड, म्हणजे चॅट कोणत्या मशीनवर आणि पोर्टवर आहे ते सांगणारी नोंदच नाही, मग तो सरळ मूळ डोमेनच्या आयपीवर ५२२२ पोर्ट ठोठावतो आणि तिथे बसलीये तुमची वेबसाइट, तिला चॅटचं काय माहीत! म्हणून डीएनएस पॅनेलमध्ये दोन एसआरव्ही रेकॉर्ड टाका. एकाचं नाव अंडरस्कोर एक्सएमपीपी हायफन क्लायंट डॉट अंडरस्कोर टीसीपी, पोर्ट ५२२२, टार्गेट तुमचं सबडोमेन. दुसऱ्यात क्लायंटच्या जागी सर्व्हर लिहा, पोर्ट ५२६९, हा दुसऱ्या सर्व्हरवरच्या लोकांशी बोलायला लागतो. टार्गेटला ए रेकॉर्ड (नावावरून थेट आयपी) असावा, सीनेम (एका नावावरून दुसरं नाव) नको. आणि तुमचा डीएनएसवाला वेबसाइटसाठी मध्ये प्रॉक्सी, म्हणजे स्वतःचा मधला सर्व्हर, लावत असेल तर सबडोमेनपुरती ती बंद करा, साधी वेब प्रॉक्सी ५२२२ पुढे पाठवत नाही.

आता सर्टिफिकेट. इथे भलेभले फसतात. मशीनचं नाव सबडोमेन आहे म्हणून लोक सर्टिफिकेटही सबडोमेनचं काढतात, पण ॲप तपासतं ते पत्त्यात ॲटच्या पुढे असलेलं नाव. म्हणजे सर्टिफिकेट मूळ डोमेनचं पाहिजे, आणि कॉन्फिगमध्ये (प्रोसोडीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) व्हर्च्युअलहोस्टसुद्धा (प्रोसोडी कोणतं डोमेन सांभाळतं ते) मूळ डोमेनच. पण फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची तपासणी वेबसाइटवर जाते आणि ती तर दुसऱ्या मशीनवर, मग काय करायचं? डीएनएस चॅलेंज, म्हणजे डोमेन तुमचंच आहे हे डीएनएसमधून दाखवायची तपासणी, वापरा, त्यात फक्त एक टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) टाकावा लागतो, वेबसाइटला हातही लावायला नको. शक्यतो सर्टबॉटला (सर्टिफिकेट काढणारा आणि रिन्यू करणारा प्रोग्राम) डीएनएसवाल्याच्या एपीआयचं प्लगइन लावा, म्हणजे तो रेकॉर्ड आपोआप टाकतो, नाहीतर दर रिन्यूला रेकॉर्ड हाताने टाकत बसाल.

सर्टिफिकेट मिळालं तरी प्रायव्हेट की (सर्टिफिकेटची गुप्त फाइल) फक्त रूटला (मशीनचा मुख्य युजर) वाचता येते आणि प्रोसोडी चालतं स्वतःच्या युजरखाली, त्यामुळे फाइलचा पाथ नुसता दाखवून भागत नाही. प्रोसोडीसीटीएल या प्रोसोडीसोबतच्या टूलची सर्ट इम्पोर्ट कमांड रूट म्हणून चालवा, ती फाइल्स कॉपी करून परवानग्या नीट लावते. हीच कमांड सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये टाका, म्हणजे दर रिन्यूनंतर ती आपोआप चालेल. हे आत्ताच करा हां, कारण लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, सर्टबॉट ते गपचूप रिन्यू करतो, प्रोसोडीकडे मात्र जुनीच कॉपी पडून राहते आणि एक दिवस सगळ्यांचं लॉगिन एकदम बंद.

पोर्ट उघडताना यूएफडब्ल्यू (मशीनवरचं फायरवॉल) आणि व्हीपीएसवाल्याच्या पॅनेलमधलं फायरवॉल, दोन्हीकडे बघा. शेवटी प्रोसोडीसीटीएल चेक चालवा, डीएनएस, सर्टिफिकेट, कॉन्फिग सगळ्यांवर बोट ठेवून सांगतं. लोक हे सोडून लॉग का वाचत बसतात कळत नाही!

प्रश्न: फोनवर आलेले मेसेज लॅपटॉपवर दिसत नाहीत. सर्व्हर सेव्ह करत नाही का?

उत्तर: कॉन्फिगच्या मॉड्यूल यादीत मॅम आणि कार्बन्स बघा, लाइनीच्या आधी दोन डॅश असतील तर ते मॉड्यूल बंद आहे, डॅश काढा आणि रीस्टार्ट करा. कार्बन्समुळे चालू असलेल्या सगळ्या डिव्हाइसवर मेसेज जातो, मॅममुळे नंतर उघडलेल्यालाही जुने मिळतात. फक्त प्रोसोडी ते मुळात एक आठवडाच ठेवतं, जास्त हवे तर मुदत वाढवा. ग्रुपसाठी वेगळं मॉड्यूल आहे, एमयूसी मॅम, ते विसरलं की ग्रुपचं जुनं बोलणं दिसत नाही. आणि ओमेमो एन्क्रिप्शन (मेसेज ठरावीक डिव्हाइसलाच उघडता येईल असं कुलूप) वापरत असाल तर नवीन डिव्हाइसवर जुने मेसेज उघडणार नाहीत, ते तसंच बनवलंय, सर्व्हरवर चिडून उपयोग नाही.

प्रश्न: एक जीबी रॅम आहे. प्रोसोडी टाकू की मॅट्रिक्स या दुसऱ्या चॅट पद्धतीवालं सिनॅप्स?

उत्तर: प्रोसोडी. घरचे आणि मित्र एवढेच असतील तर त्याला एक जीबी भरपूर होते. सिनॅप्स एक जीबीवर सुरू होईल हो, पण कुणीतरी बाहेरच्या मोठ्या रूममध्ये शिरलं की त्या रूमचा सगळा पसारा तुमच्या सर्व्हरला सांभाळावा लागतो आणि मशीन गुडघे टेकतं. सिनॅप्सच टाकायचा हट्ट असेल तर रॅम वाढवा, डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट सोडून पोस्टग्रेस घ्या आणि सर्व्हरनेम (पत्त्यात दिसणारं डोमेन) विचार करून ठरवा, ते नंतर बदलता येत नाही. दोन्हीपैकी काहीही टाका, कुणालाही अकाउंट काढायची मोकळीक ठेवू नका. स्पॅमवाले असे सर्व्हर शोधतच असतात, आणि एकदा तुमच्या डोमेनवरून स्पॅम जायला लागला की बाकीचे सर्व्हर तुम्हाला ब्लॉक करतात. प्रोसोडीत आमंत्रणाची लिंक बनवता येते, ज्याला घ्यायचंय त्याला ती पाठवा.