चालू होऊन लगेच बंद पडणारी गाडी

प्रश्न : माझी जुनी पेट्रोल गाडी पहिल्याच सेल्फला चालू होते, पण दोन-तीन सेकंदांत बंद पडते. नवी बॅटरी बसवूनही फरक नाही. दोष कुठे असावा?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : इंजिन सेल्फला लगेच उचलत असताना बॅटरीवर केलेला खर्च अनाठायी होता, असे नाइलाजाने म्हणावे लागते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, चालू करताना ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरावा. तेवढ्याने इंजिन तग धरत असेल, तर आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन मंद चालू राहण्याला) लागणारी हवा कमी पडत असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी थ्रॉटल बॉडीवरील (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणाऱ्या भागावरील) हवेचा पाइप काढून पाहिल्यास झडपेच्या कडेला काजळीचा काळा, चिकट थर आढळतो आणि तो थ्रॉटल क्लीनरने स्वच्छ करणे बहुधा पुरेसे ठरते. ॲक्सिलरेटर दाबूनही इंजिन बंद पडत असेल, तर संशय इंधनपुरवठ्यावर घ्यावा व उद्यमनगरातील एखाद्या गॅरेजमध्ये गेज लावून इंधनाचा दाब मोजून घ्यावा. दाब न मोजता पंप बदलण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. मात्र डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल, तर हे सारे बाजूला ठेवून आधी दुसरी चावी वापरून पाहावी, कारण इमोबिलायझरला (चोरी रोखण्यासाठी चावी ओळखणाऱ्या यंत्रणेला) चावी ओळखता आली नाही, तर काही गाड्यांत इंजिन क्षणभर चालून इंधन तोडले जाते.