आयटीत काम करणाऱ्याने राजकारणात डोकं घालावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीतल्या कंपनीत डेव्हलपर म्हणून दोन वर्षं झाली, टीममधले सीनियर सांगतात की कामगार कायदे, निवडणुका यांच्या नादी लागू नकोस, एआय आलंय, स्किल वाढव. तर आयटीतल्या माणसाने या सगळ्यात डोकं घालावं की नाही?

घालावं. मी ठाण्यात राहते, नवी मुंबईत महापेला नोकरी करते, काम बॅकएंडचं, म्हणजे पडद्यामागच्या सिस्टिमचं, आणि बहुतेक पेमेंटशी संबंधित. या पट्ट्यात बरीच वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय की आपल्या क्षेत्रातली सगळी भांडणं शेवटी वेळेवर येऊन थांबतात. वाचलेला तास कोणाचा, वाढलेला तास कोणाच्या माथी, प्रवासात गेलेला तास कोण मोजणार. आणि याची उत्तरं मंत्रालयात, संसदेत आणि महापालिकेत ठरतात, आपण तिकडे बघत असू किंवा नसू.

एआयपासूनच सुरुवात करते, कारण सीनियर लोक तेच पुढे करतात. अलीकडे माझ्याकडे रिव्ह्यूला, म्हणजे तपासायला आलेला एक कोड सांगते. पेमेंट गेटवेला, म्हणजे पैसे कापून घेणाऱ्या सिस्टिमला रिक्वेस्ट पाठवायची, ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवायची, असं तीनदा. एआय असिस्टंटकडून लिहून घेतलेला. दिसायला देखणा, व्हेरिएबलची नावं चोख, सोबत टेस्ट, आणि सगळ्या टेस्ट पास. फक्त दर प्रयत्नाला तो नवा ट्रान्झॅक्शन आयडी तयार करत होता. म्हणजे टाइमआउट झाला की व्यवहार फसला, असं त्यात धरलेलं. टाइमआउटवरून एवढंच कळतं की उत्तर आलं नाही. पैसे तोवर कापले गेलेले असू शकतात. पुन्हा पाठवताना पहिल्या वेळचीच ‘आयडेम्पोटन्सी की’, म्हणजे त्या व्यवहाराची न बदलणारी ओळखखूण, जायला हवी, तरच समोरची सिस्टिम ओळखते की हा जुनाच व्यवहार आहे. नाहीतर गिऱ्हाइकाच्या खात्यातून एकाच बिलाचे पैसे दोनदा, तीनदा जाणार. टेस्ट पास झाल्या कारण टेस्टमधला खोटा गेटवे टाइमआउटनंतर कधी पैसे कापतच नव्हता.

कोड काही मिनिटांत तयार झाला होता. त्यातली खोट शोधायला अर्धी दुपार गेली. ही दुपार स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये, म्हणजे पुढच्या टप्प्याचं काम ठरवायच्या बैठकीत, कुठेच नसते. तिथे काम पॉइंटमध्ये मोजतात आणि वाक्य असतं, ‘आता टूल आहे ना, मग पाच पॉइंटचं तीनमध्ये बसवा.’ लिहिण्यात वाचलेला वेळ कंपनीच्या वहीत जमा होतो आणि तपासण्यात गेलेला वेळ तुमच्या रात्रीतून वजा होतो. मला ही टूल्स आवडतात, रोज वापरते, जुना कोड समजून घ्यायला तर फारच उपयोगी पडतात. माझा आक्षेप या वाटणीवर आहे. आणि ही वाटणी कितीही स्किल वाढवलं तरी बदलत नाही, कारण ती तुमच्या कौशल्यावर ठरलेलीच नाही.

आता कायद्याकडे येते. 2025 च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने आणि आस्थापनांसाठी दिवसाच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 10 तासांवर न्यायचा निर्णय घेतला. कारखान्यांसाठी तीच मर्यादा 9 वरून 12. ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा आस्थापनांसाठी 125 तासांवरून 144 तासांवर. आठवड्याचे 48 तास तेवढे कायम ठेवले. आपली ऑफिसं याच दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली येतात, 2017 चा कायदा आहे. माझ्या ऑफिसात ही बातमी कॅन्टीनमध्ये चहा संपेपर्यंत टिकली. त्याच वेळी लंच टेबलवर अमेरिकेने नव्या एच-1बी व्हिसाच्या अर्जांवर लावलेल्या 1 लाख डॉलरच्या शुल्काची चर्चा मात्र आठवडाभर चालली होती. तिथे जाणार किती जण, आणि महापेत रोज दहा तास बसणार किती जण?

याच 2017 च्या कायद्यात ‘कामगार’ कोण, याची व्याख्या वाचा. त्यात तांत्रिक काम करणारा माणूस स्पष्टपणे धरलेला आहे. ओव्हरटाइमला दुप्पट दराने पैसे, हेही त्यातच आहे. बाहेर ठेवलेत ते व्यवस्थापकीय, देखरेखीच्या आणि गोपनीय स्वरूपाच्या पदांवरचे लोक, आणि अशा लोकांची यादी आस्थापनेने उघडपणे लावायची असते. तुमच्या ऑफिसात ती यादी कधी पाहिलीत? मी विचारलं की लोक चमकतात, कारण ‘कामगार’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे रबाळे एमआयडीसीच्या गेटमधून बाहेर पडणारी माणसं येतात, स्वतः येत नाहीत. ही समजूत कंपन्यांना फार सोयीची आहे. कोणाच्याही हाताखाली एकही माणूस नसताना ‘लीड’, ‘असोसिएट मॅनेजर’ अशी पदं वाटली जातात, त्यामागे दरवेळी डाव असतोच असं मी म्हणत नाही, पण कायद्याच्या दारात उभं राहायची वेळ आली की त्या पदाचा अडसर पहिला पुढे येतो.

पगाराची स्लिप उघडा, मग हे सगळं हातात येईल. चार नवे कामगार संहिता कायदे 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाले. त्यात वेतनाची व्याख्या अशी आहे की भत्ते वगैरे ज्या रकमा वेतनात धरत नाहीत, त्या एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरायचा. आपल्याकडे बेसिक मुद्दाम कमी ठेवून ‘स्पेशल अलाउन्स’ फुगवायची पद्धत आहे, तिला हे थेट लागतं. ढोबळ हिशोब बघा. महिना 1 लाख मिळतात, बेसिक 30,000. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी निघते वर्षाला 15 दिवसांच्या वेतनावर, महिन्याचे 26 दिवस धरून. पाच वर्षांचे झाले सुमारे 86,500 रुपये. तेच वेतन 50,000 धरलं तर सुमारे 1,44,200. फरक जवळपास 58,000 रुपयांचा, आणि तुमच्या कोडिंगमध्ये काडीचाही बदल नाही. मुदतीच्या करारावरच्या माणसाला तर आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते, आधी पाच वर्षं थांबावं लागे. याच संहितांमुळे संप करणं मात्र अवघड झालं, दोन आठवड्यांची आगाऊ नोटीस सगळ्याच उद्योगांना लागते. म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्याने घेतलं, आणि या दोन्ही गोष्टी घडल्या त्या संसदेत.

तासांबद्दल मोठ्या लोकांनी काय म्हटलं ते तुम्हाला माहीत असेलच. इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी 2023 मध्ये आठवड्याला 70 तासांचा आग्रह धरला, 2025 च्या जानेवारीत एल अँड टीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन 90 वर गेले. 90 म्हणजे रविवार धरूनसुद्धा रोज जवळजवळ 13 तास. घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाने यात महापेची जाऊन-येऊन वाट मिळवावी. आधी ठाणे स्टेशन गाठायचं, मग नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स हार्बर लोकल, मग शेअर रिक्षा. गायमुखला कंटेनर बंद पडला तर वेळेचं नावच काढू नका. झोपेपुरते तास उरले तर उरले. घरात म्हातारे आईवडील असलेल्या, मूल लहान असलेल्या बाईने या आकड्यांपुढे काय करायचं? माझ्या ओळखीच्या कितीतरी हुशार मुलींनी बाळंतपणानंतर आयटी सोडली ती कौशल्य कमी पडलं म्हणून नाही. रात्री साडेदहाच्या अमेरिकेबरोबरच्या कॉलला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती म्हणून.

ती सोय असावी म्हणून सुप्रिया सुळेंनी लोकसभेत ‘राइट टू डिस्कनेक्ट’चं खासगी (मंत्री नसलेल्या खासदाराचं) विधेयक 2018 मध्ये आणि पुन्हा 2025 च्या डिसेंबरमध्ये मांडलं. कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क. 1970 नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, त्यामुळे ते आपोआप पुढे सरकेल अशी आशा धरू नका. तुमचा खासदार कुठल्याही पक्षाचा असो, त्याला या विषयावर आयटीवाल्यांची किती पत्रं गेली असतील, याचा विचार करा. इथे कितीतरी मतदार याच व्यवसायातले, पण आमदार-खासदारांच्या लेखी आपण सोसायटीतली पाण्याची तक्रार करणारी माणसं, बस.

पालिकेचीही तीच कथा. नवी मुंबई महापालिकेची मुदत 2020 मध्ये संपली, ठाण्याची 2022 मध्ये. निवडणूक झाली ती 15 जानेवारी 2026 ला. मधली सगळी वर्षं प्रशासकाच्या हाती कारभार. घोडबंदर आणि ठाणे-बेलापूर रोडवर आपले तास वाया जात असताना जाब विचारायला नगरसेवकच नव्हता, आणि याबद्दल कुठल्याही आयटी पार्कात एक साधं निवेदन फिरलेलं मी पाहिलं नाही.

तुम्ही ज्या भागात रोज लॉगिन करता त्याचा इतिहासही थोडा जाणून घ्या. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको 1970 ची. नवी मुंबईसाठी 95 गावांची जमीन घेतली गेली. मोबदला तुटपुंजा म्हणून शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले, 1984 च्या जानेवारीत उरण भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना मिळाली. ऐरोलीत, घणसोलीत, कोपरखैरणेत ‘साडेबारा टक्के’ म्हणजे काय ते कोणालाही विचारा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यांतही युनियन होत्या, बंद पडतानासुद्धा देणी पदरात पाडून घेणाऱ्या. त्यातल्या बऱ्याच कारखान्यांच्या जागी आज काचेच्या इमारती आणि डेटा सेंटर आहेत. शेतकरी आणि कारखान्यातले कामगार आपल्याहून कमी शिकलेले होते, पण आपलं हित कशात आहे हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

आयटीत संघटना होत नाहीत, हेही खरं नाही. बेंगळुरूत केआयटीयू ही आयटी कर्मचाऱ्यांची युनियन आहे. 2024 मध्ये तिथे दिवसाला 14 तासांचा प्रस्ताव आला तेव्हा तिने उघड विरोध केला, निदर्शनं केली. पुण्यात नाइट्स ही संघटना कपातीच्या, रखडलेल्या जॉइनिंगच्या तक्रारी कामगार खात्यापर्यंत नेते. तमिळनाडू सरकारने 2016 मध्येच स्पष्ट केलं की आयटी कर्मचाऱ्यांना युनियन करता येते.

ऑफिसात प्रचार करा असं मी सांगत नाहीये. रोजच्या स्टँडअप मीटिंगला कोणाच्या पक्षावरून वाद घालू नये, टीममधल्या कोणाला आडनावावरून, भाषेवरून बाजूला काढू नये, तिथे मी फार कडक आहे. पण पगार, तास, नोटीस पीरियड यांवर आपसात मोकळेपणी बोलायलाच हवं. पगार सांगायचा नाही ही जी शिस्त आपल्या अंगात मुरवली आहे, तिचा फायदा कधीच कर्मचाऱ्याला झालेला मी पाहिलेला नाही.

तुमच्यासाठी लगेच करण्यासारखं एवढं आहे. नियुक्तिपत्र काढून त्यात कामाचे तास काय लिहिलेत ते पाहा. नोव्हेंबर 2025 नंतरच्या स्लिपमध्ये बेसिक बदललं का ते एचआरला मेलवर विचारा, तोंडी नको. रात्रीचे कॉल आणि प्रॉडक्शन सपोर्ट (चालू सिस्टिम बिघडली की करायची दुरुस्ती) यांची तारीख-वेळेसकट नोंद स्वतःच्या वहीत ठेवा, कंपनीच्या लॅपटॉपवर नाही. रिव्ह्यूचा वेळ प्लॅनिंगमध्ये वेगळा मागा, त्यासाठी मी सांगितलेल्या पेमेंटसारखी उदाहरणं जमवून ठेवा, मॅनेजरला आकड्यांपेक्षा ती लवकर पटतात. पुढच्या अप्रेझलला बढती म्हणून ‘लीड’चं पद देऊ केलं, तर हाताखाली कोण असेल आणि रजा मंजूर करायचा अधिकार मिळणार का, हे लेखी घ्या आणि मगच सही करा.