थ्रीडी मॉडेल स्वतः काढ

फुफ्फुसाच्या सर्जरीत नवीन आहेस, म्हणून सांगतो: निदान सुरुवातीला तरी फुफ्फुसातल्या श्वासनळ्या आणि रक्तवाहिन्यांचं थ्रीडी मॉडेल तयार मागू नकोस. एक मिलिमीटर स्लाइसचा कॉन्ट्रास्ट सीटी करून घे, डायकॉम फाइली (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइली) सीडीवर माग आणि थ्रीडी स्लायसर या सॉफ्टवेअरवर स्वतः बस. ते मोफत आहे, शिकायला उत्तम. सोलापुरात बार्शी-अक्कलकोटहून पेशंट नुसती छापील फिल्म घेऊन येतात. त्यावरून मॉडेल होत नाही, सीडी लागते, हे नातेवाइकांना आधीच सांग.

सुरुवात ब्रॉन्कसपासून, म्हणजे श्वासनळीच्या फांदीपासून कर. धमनी त्याच्या सोबतीने सेगमेंटच्या (लोबच्या, म्हणजे फुफ्फुसाच्या मोठ्या भागाच्या, एका तुकड्याच्या) मध्यात शिरते, शिरा मात्र दोन सेगमेंटच्या सीमेवरून जातात. सेगमेंटेक्टमीत, म्हणजे फक्त एक सेगमेंट काढताना, हीच सीमा तुला हवी असते. उजव्या वरच्या लोबमध्ये ट्रंकस अँटिरिअर (त्या लोबची मुख्य धमनी) सापडला म्हणून थांबू नकोस. फिशरमधून (दोन लोबमधल्या फटीतून) वर चढणारी धमनीही शोध. डाव्या वरच्या लोबला किती फांद्या येतील याचा नेम नाही, एकेक मोजून कागदावर लिही. आणि डावीकडच्या दोन्ही शिरा एकाच खोडाने हृदयात जात असतील, तर वरची शीर समजून त्या खोडालाच स्टेपलर (शीर बंद करून कापणारं यंत्र) लागू शकतो. मग अख्ख्या फुफ्फुसाचा निचरा बंद!

आपल्याकडे जुना टीबी झालेले पेशंट बरेच. धमनीला चिकटलेली कॅल्सिफाइड (कॅल्शियम साठून कडक झालेली) गाठ रक्तवाहिन्यांच्या मॉडेलमध्ये येत नाही, मूळ स्लाइसवरच दिसते. धमनी-शिरांत कॉन्ट्रास्ट सारखाच भरला असेल, तर सॉफ्टवेअर एकीला दुसरीत जोडून टाकतं. तेव्हाही स्लाइसवरच परत जा. ऑपरेशनच्या दिवशी मॉडेल थिएटरच्या स्क्रीनवर, पेशंट कुशीवर असतो तसं फिरवून ठेव.