टाळीला दचकतो, मग पुन्हा तपासणी कशाला?

"मॅडम, टाळी वाजवली की हा दचकतो. तुमचं मशीनच बिघडलं असणार." अकरा दिवसांच्या बाळाला मांडीवर घेऊन आई जरा रागातच बोलत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हातातल्या कागदावर, म्हणजे नवजात बाळाच्या ऐकण्याच्या चाळणीच्या (पहिल्या तपासणीच्या) अहवालावर, दोन्ही कानांपुढे 'रेफर', म्हणजे पुन्हा तपासा, असं लिहिलं होतं. घरच्यांनी त्याचा अर्थ 'नापास' असा लावला होता.

पूर्वी मी अशा वेळी पटकन म्हणायचे, "काळजी करू नका, बहुतेकदा काही निघत नाही." ते खोटं नव्हतं. पण ते ऐकून एक आई इतकी निर्धास्त झाली, की दुसऱ्या तपासणीला आलीच नाही. आली तेव्हा बाळ चौदा महिन्यांचं होतं आणि हाक मारली तरी वळत नव्हतं. तेव्हापासून आधी तपासणी समजावते, धीर नंतर.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा कॉक्लिया असतो. त्यातल्या बाहेरच्या रांगांमधल्या केसपेशी आवाज आला की स्वतः हलतात, त्याला जोर देतात. त्या हालचालीचा अगदी क्षीण आवाज उलटा कानाच्या नळीत येतो. १९७८ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड केम्प यांनी तो पहिल्यांदा नोंदवला. या बाळाची झाली होती त्या ओएई (ओटोअकॉस्टिक एमिशन) तपासणीत कानात मऊ बोंडी बसवून हाच परतीचा आवाज टिपतात. बाळ झोपलेलं असलं तर उत्तमच, काही मिनिटांत होतं.

"म्हणजे कान उत्तर देतो?" या बाळाच्या आईने विचारलं. हो, आणि ते उत्तर मिळालं नाही, एवढंच 'रेफर' सांगतं. जन्मानंतर कानात राहिलेला चिकट थर, पडद्यामागचं पाणी, रडणं, यानेही ते अडतं. किती ऐकू येतं, हे ही तपासणी सांगतच नाही.

टाळीचं मात्र मी स्पष्टच सांगितलं. टाळी मोठी असते, तिचा वारा लागतो, हात हललेला दिसतो. शिवाय दार आपटलेलं ऐकणाऱ्या मुलालाही 'स', 'श' असे बारीक आवाज निसटू शकतात, आणि शब्द कळायला तेही लागतात.

दुसऱ्या खेपेला उजवा कान पास झाला, डावा नाही. मग बेरा नावाची तपासणी केली. तिच्यात डोक्याला इलेक्ट्रोड लावून आवाज कानाच्या नसेतून मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का ते पाहतात. (एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बाळांची ओएई पास झाली तरी बेरा करावी. कधी केसपेशी ठीक असतात, दोष पुढे नसेत असतो.) डाव्या कानात मध्यम स्वरूपाचा दोष निघाला.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "उजव्या कानाने ऐकून दचकायचा तर."

निदान दहाव्या आठवड्यात झालं होतं. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्याच्या आत उपाय, असा क्रम आम्ही धरतो. तसं पाहिलं तर ती वेळेआधीच होती. डाव्या कानाच्या श्रवणयंत्राबद्दल बोलणं झालं. उजव्यावरही लक्ष ठेवायचं होतं, चांगला कान नंतर बिघडू शकतो. मी पुढच्या तपासणीची तारीख लिहून द्यायला चिठ्ठी शोधत होते. तिने मोबाईल काढून ती स्वतःच घातली, आणि आधीच्या दिवशीचा गजरही लावला.