नवीन उत्पादनं शोधायला ट्रिझसारख्या पद्धतींचा खरंच उपयोग होतो का, की सुचणाऱ्यालाच सुचतं?

होतो. ‘सुचणाऱ्यालाच सुचतं’ हे वाक्य मी आमच्या घरात इतकी वर्षं ऐकतेय की तुमच्या प्रश्नाखाली लिहिल्याशिवाय राहवलं नाही. तुम्ही लिहिलंय की फळप्रक्रियेच्या एका छोट्या कंपनीत नवीन उत्पादनांचं काम तुमच्या गळ्यात पडलंय, साहेब दर शनिवारी सगळ्यांना बसवून ब्रेनस्टॉर्मिंग करतात आणि आता कोणीतरी ट्रिझ (अडचणींवर उपाय शोधायची पद्धत) आणि स्टेज-गेट (उत्पादन पुढे न्यायचं की नाही हे टप्प्याटप्प्यावर ठरवायची पद्धत) अशी दोन नावं सुचवली आहेत.

आधी ती शनिवारची बैठक बंद करा. ब्रेनस्टॉर्मिंग रुजवलं अ‍ॅलेक्स ऑसबर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याने. 1958 साली येल विद्यापीठात ते तपासलं गेलं, तेव्हा चौघांनी एकत्र बसून काढल्या त्याहून बऱ्याच जास्त कल्पना, वेगवेगळ्या बसलेल्या चौघांच्या याद्या एकत्र केल्यावर निघाल्या. छोट्या कंपनीत तर साहेब पहिले बोलतात आणि बाकीचे त्यांच्याच कल्पनेला झालर लावत बसतात.

ट्रिझ कुठून आलं ते थोडक्यात सांगते. गेन्रिख आल्टशुलर सोव्हिएत नौदलात बाकूला पेटंटचं काम बघायचा. 1946 पासून त्याने पेटंटांचे ढीग उपसले. देशात शोधकांची काय दशा आहे हे स्टालिनला पत्राने कळवलं, 1950 मध्ये अटक झाली, व्होर्कुताच्या छावणीत गेला, 1954 मध्ये सुटला आणि 1956 मध्ये शापिरो या सहकाऱ्याबरोबर ट्रिझवरचा पहिला लेख छापला. त्याच्या हाती लागलं ते हे की निरनिराळ्या धंद्यांतले लोक त्याच त्या गाठी त्याच त्या युक्त्यांनी सोडवत असतात आणि एकमेकांचा पत्ता नसल्याने दर वेळी पहिल्यापासून धडपडतात. ढोबळी मिरची बंद भांड्यात घालून दाब हळूहळू वाढवायचा आणि एकदम सोडायचा, की देठाकडून फुटून बिया बाहेर पडतात. हीच युक्ती भेगा असलेले हिरे भेगेवरून फोडायला लागू पडली. मिरचीवाल्याने हिरेवाल्याला कधी सांगितलं असणार?

आता आमची गोष्ट. वेंगुर्ल्याजवळ आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. पुण्याची नोकरी सोडून मी तो बघायला आले तेव्हा वडील थकले होते आणि व्यवहार काकांच्या हातात होता. हा धंदा सगळा अख्ख्या गरावर उभा आहे. एका पौंडात 220 ते 240 गर बसले की तो 240 नंबर, 300 ते 320 बसले की 320. तोच गर दुभंगला की पाकळी, आणि भाव खाली. पावसाळा लागला की आमच्याकडे पाकळी वाढायची, कारण साल सुटायची नाही. बायका सुरीने खरवडायच्या आणि गर फुटायचा. सोलणाऱ्या बाईला किलोवर मजुरी, त्यामुळे तिचंही नुकसान. काकांनी यावर मोठ्या ड्रायरचं कोटेशन आणून ठेवलं होतं आणि कर्ज काढायचं घाटत होतं.

पुण्याच्या कंपनीत मी ट्रिझ शिकले होते. तिथला पहिला धडा हा की उपाय विचारू नका, विरोध लिहून काढा, म्हणजे एकमेकींच्या आड येणाऱ्या दोन गरजा. म्हणून सोलायच्या टेबलाशी वही घेऊन बसले. पानावर दोन रकाने, अख्खा आणि पाकळी, आणि डावीकडे तासांचे आकडे. दुपारनंतर पाकळीचा रकाना भरत जायचा. शेजारी बसलेली जुनी कामगार बघत होती. ती म्हणाली, “सकाळचे गर सुटतत गो बाय, दुपारचे सालीक धरून ऱ्हवतत.” तिला हे कितीतरी पावसाळे माहीत होतं.

म्हणजे ड्रायर चोख काम करत होता. सकाळी सगळा माल एकदम बाहेर काढून टोपल्यांत ओतायचा आणि दिवसभर सोलत बसायचं, तोवर जुलैची हवा सालीत शिरायची. मग विरोध असा मांडला: ड्रायरच्या खर्चासाठी सगळा माल एकदम बाहेर हवा, पण सोलण्यासाठी तो बाहेर नको. वर सांगितल्या तशा युक्त्यांची ट्रिझमध्ये चाळीस तत्त्वं केली आहेत, त्यांतलं पहिलंच आहे तुकडे करा. शिवाय ट्रिझ सांगतं, नवं काही आणण्याआधी हाताशी काय पडलंय ते बघा. मागच्या पडवीत झाकणाची पिंपं रिकामी पडली होती. धुऊन, खडखडीत वाळवून माल त्यांत भरला, आणि एका वेळी टेबलावर मावेल तेवढाच बाहेर काढायला लागलो. गर आधी कोमट होऊ द्यावे लागतात, नाहीतर झाकणाला आतून पाणी सुटतं आणि सगळंच मुसळ केरात. हे जमल्यावर दुपारचा रकाना सकाळच्या रकान्यासारखा दिसायला लागला. ड्रायरचं कर्ज काढावं लागलं नाही.

काका आजही म्हणतात, यात तुझ्या पद्धतीचं काय, बाईने सांगितलं आणि पिंपं होतीच. मी म्हणते, बाईही होती, पिंपंही होती, तुम्हीही होतात आणि तरी कोटेशन ड्रायरचं आलं. सगळ्यांच्या डोक्यात प्रश्न एकच होता, ‘ड्रायर कुठला घ्यायचा?’ त्या प्रश्नाला बाईचं उत्तर चालणारच नव्हतं, म्हणून तिला कोणी विचारलं नाही. प्रश्न पद्धतीने बदलला.

त्यांचा दुसरा मुद्दा आजीचा. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात ते पाऊस तोंडावर आला असताना. सालीला रसाची पुटं देऊन आमसुलं वाळवायला ऊन हवं आणि ऊन तर निघून चाललेलं. आजी रसात भरपूर मीठ घालून आगळ करून ठेवायची, त्याला उन्हाची गरजच नाही. तिने ट्रिझचा कुठला तक्ता पाहिला होता, असं काका विचारतात. तिला ती युक्ती तिच्या सासूने दिली होती, आणि ती रातांब्यापुरती होती. चाळीस तत्त्वं म्हणजे मुलखामुलखांतल्या आज्या एका कागदावर बसवल्यात, एवढंच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे आंबे उतरवायची काठी घ्या. आंबा झाडावरून सुटायला तर हवा, पण देठ त्याच्याबरोबर राहायला हवा आणि तो जमिनीवर आपटताही कामा नये. ही अट जशीच्या तशी डोळ्यांसमोर ठेवली तर काठीला पातं आणि खाली जाळी, इथवर माणूस येतो. नुसतं ‘चांगली काठी बनवा’ म्हटलं असतं तर लांब काठी मिळाली असती.

तेव्हा कुठल्या विरोधाला कुठलं तत्त्व हे सांगणारा ट्रिझचा 39 गुणांचा मोठा तक्ता तुम्ही पाठ करायच्या भानगडीत पडू नका. चाळीस तत्त्वं भिंतीवर लावा, नुकसान होतं त्या जागेवर जाऊन बसा आणि विरोध एका वाक्यात लिहा. ते वाक्य जमेपर्यंत कोणालाही उपाय सुचवू देऊ नका, साहेबांनासुद्धा.

एक मात्र आहे. तुम्ही विचारलंय नवीन उत्पादनांबद्दल, आणि माझी गोष्ट आहे जुन्या उत्पादनातल्या अडचणीची. काय बनवावं आणि कोण विकत घेईल हे ट्रिझ सांगत नाही. बोंडूचं, म्हणजे काजूच्या फळाचंच बघा. रस घशाला धरतो, फळ एका दिवसात नासतं, आणि आपल्याकडे ढिगाने बागेत कुजतं. तुरटपणा काढायची वाट ट्रिझने सापडेल, पण बाटली कोण घेणार हे गिऱ्हाइकाकडेच जाऊन बघावं लागतं. त्यासाठी एमआयटीच्या एरिक व्हॉन हिपेलने 1986 मध्ये मांडलेली लीड युजर पद्धत वाचा: ज्यांना गरज सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यात जास्त भासते, त्यांनी स्वतःच काय जुगाड करून ठेवलाय ते शोधायचं. तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

स्टेज-गेट आत्ता नको. एकाच वेळी बरीच उत्पादनं पैशासाठी रांगेत उभी राहतात तेव्हा कोणाला पुढे सोडायचं हे ठरवायला ते आहे. इनोव्हेशन मॅनेजमेंटचं आयएसओ 56001 हे मानक 2024 मध्ये आलंय, कोणी सल्लागार त्याचं सर्टिफिकेट गळ्यात मारायला आला तर त्यालाही तूर्त चहा पाजून परत पाठवा.

व्यवस्थापन म्हणून पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट करा. निरीक्षण ज्याचं असेल त्याचं नाव वहीत त्याच दिवशी लिहा, आणि फायदा झाला की पैसे त्या नावावर काढा. पिंपांच्या वेळी मी ते भांडून करायला लावलं. काकांचं म्हणणं होतं की अशाने उद्या प्रत्येक जण हात पुढे करेल. करू दे की. सोलायच्या टेबलावरून आता आपणहून सूचना येतात आणि त्यातल्या कितीतरी माझ्या डोक्यात कधीच आल्या नसत्या.