‘सव्वातीन तासांत पुणं गाठ’ म्हणणाऱ्या मालकाचं काय?

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहतो, वय २९. एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे १७ आसनी टेम्पो ट्रॅव्हलरवर चार वर्षं ड्रायव्हर आहे. पगार १६ हजार. पहाटे सोलापूरहून पुणं, संध्याकाळी परत. मालकाचा मेसेज ठरलेला : ‘साडेचारला सात रस्ता, पावणेआठला स्वारगेट. उशीर चालणार नाही.’ चार महिन्यांत ओव्हरस्पीडची तीन चलनं झाली. पहिली दोन कॅमेऱ्याची, ९४ आणि १०१ ची. तिसऱ्या वेळी मोहोळच्या अलीकडे पोलिसांच्या गाडीनं ९७ ला पकडलं आणि लायसन घेऊन मशिनमध्ये नोंद केली. पहिल्या दोन चलनांचे चार हजार मालकानं पगारातून कापले. तिसरं ‘तू भर आणि मिटव’ म्हणतो. गाडीचा स्पीड गव्हर्नर (वेग रोखणारं यंत्र) त्यानंच गॅरेजमध्ये काढायला लावलाय. रस्ता चौपदरी आहे, सगळेच पळवतात, मग ही लिमिट पाळायची तरी कशाला? पाळली तर नोकरी जाते, मोडली तर लायसन जातं. घरी आई, बायको आणि दोन वर्षांची मुलगी आहे. काय करू?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचल्यावर मी कायद्याचं पुस्तक नंतर उघडलं, आधी हिशेब केला. सात रस्ता ते स्वारगेट अंदाजे २५० किलोमीटर. काटा ८० वर ठेवून, एकदाही न थांबता गेलात तरी तीन तास साडेसात मिनिटं लागतात. मालकानं दिलेत सव्वातीन तास. उरली साडेसात मिनिटं. त्यात बाळ्यापर्यंतचा गावातला रस्ता, सगळे टोलनाके, टेंभुर्णीला प्रवाशांचा चहा आणि सकाळची हडपसरची गर्दी बसवून दाखवा म्हटलं तर मालकालाही जमणार नाही.

हा हिशेब कोर्टात चालतो, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १८३ वेगमर्यादा मोडण्याच्या शिक्षेचं आहे. ते गाडी चालवणाऱ्यापुरतं नाही. आपल्या नोकरीतल्या माणसाला मर्यादा मोडून गाडी चालवायला लावणाराही त्याच कलमात येतो आणि त्याला शिक्षाही तीच आहे. याच कलमाची चौथी उपधारा मला फार मोलाची वाटते, कारण ती थेट तुमच्यासारख्यांसाठी लिहिलेली आहे. एखादा प्रवास अमुक वेळेत पुरा करा असं वेळापत्रक काढलं किंवा हुकूम दिला, आणि मर्यादा मोडल्याशिवाय तो त्या वेळेत पुरा होणं शक्य नाही असं न्यायालयाला वाटलं, तर ते वेळापत्रक किंवा तो हुकूम हाच मालकाविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. ‘मी जोरात चालव असं कधी म्हणालो?’ एवढ्यावर मग त्याची सुटका होत नाही. ‘पावणेआठला स्वारगेट’ हे दोन शब्द त्याच्या अंगाशी येऊ शकतात.

म्हणून ते मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट काढून एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा, पण मूळ फोनही जपा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मोबाइलवरचा पुरावा प्रमाणपत्रासह दाखल करावा लागतो, तेव्हा मूळ फोन हाताशी असला की काम सोपं होतं. हे इतकं बजावून सांगतेय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका क्लीनरच्या आईचा नुकसानभरपाईचा दावा माझ्याकडे होता. जानेवारीतली रात्र, टेंभुर्णीच्या पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. टेम्पो मागून आत घुसला. पंचनाम्यात ब्रेकच्या खुणा लिहिल्या होत्या फक्त २६ फूट, म्हणजे ड्रायव्हरला ट्रॉली दिसली तेव्हा वेळ संपलेलीच होती. डाव्या बाजूला बसलेला १९ वर्षांचा पोरगा जागीच गेला. ड्रायव्हर वाचला आणि आरोपी झाला. मालक पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, ‘मी घाई करायला कधीच सांगितलं नाही.’ मालकाचे मेसेज ड्रायव्हरच्या फोनमध्ये होते आणि फोनचा अपघातात चुरा झाला होता.

आता तुमच्या बाजूचं, आणि ते तुम्हाला आवडणार नाही. मालकानं सांगितलं हा तुमचा बचाव होत नाही. ॲक्सिलरेटरवर पाय तुमचा होता. उद्या कुणी मेलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा गुन्हा तुमच्यावर लागेल आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. भरपाईचा भार मालक आणि विमा कंपनीवर जाईल. तुरुंगात मात्र तुम्हालाच जावं लागेल.

तुम्ही विचारता, सगळेच पळवतात मग मीच का पाळू? आधी हे बघा की ‘सगळे’ म्हणजे कोण. केंद्र सरकारच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला कमाल १०० ची मुभा दिली होती, ड्रायव्हर धरून नऊपेक्षा जास्त आसनांच्या प्रवासी गाडीला ९०, मालवाहू गाडीला ८०. म्हणजे कमी वेगाचा फलक नसेल तिथं तुमच्या शेजारून ९८ नं जाणारी कार मर्यादेत असू शकते आणि ९७ ला तुम्ही मर्यादेबाहेर. यात अन्याय नाही. तुमची गाडी उंच आहे, जड आहे, वळायला आणि थांबायला तिला जास्त जागा लागते. आणि तुमच्या मागं सोळा माणसं झोपलेली असतात.

शिवाय तुमच्या गाडीला ९० सुद्धा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ११८ प्रमाणे १ ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या अशा प्रवासी वाहनाला ८० वर बांधलेला स्पीड गव्हर्नर सक्तीचा आहे. १७ आसनीला त्यातून सूट नाही. तुमची गाडी १०१ ला पोचली यातच गव्हर्नर काढल्याची कबुली आहे, आणि ती कबुली कॅमेऱ्यानं तारीख-वेळेसह लिहून ठेवलीय. परवानगीबाहेर गाडीत फेरफार करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तो गव्हर्नर तुम्ही स्वतः काढला नाही ना? नसेल तर ते लेखी सांगा आणि गव्हर्नर परत बसेपर्यंत त्या गाडीला हात लावू नका.

‘सरकारला पैसे हवेत म्हणून लिमिट’ असं चहाच्या टपरीवर रोज ऐकू येतं. यातली अर्धी तक्रार मी मान्य करते. काम संपून महिने झाले तरी ४० चा फलक तसाच उभा, कुठं झाडाआड लपलेला, कुठं फलकच नाही आणि पुढं कॅमेरा, असं आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यासाठी कायद्यात वाट आहे. कलम ११२ प्रमाणे राज्य सरकारला एखाद्या रस्त्यावर मर्यादा कमी करायची तर राजपत्रात अधिसूचनाही लागते आणि जागेवर फलकही लागतो. महिन्याभराच्या आतल्या तात्पुरत्या निर्बंधाला तेवढी अधिसूचना लागत नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीत नियम १६७-अ सांगतो की यंत्राला राज्याच्या नेमलेल्या प्राधिकाऱ्याचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नवं करायला हवं, पुढं कॅमेरा आहे असा फलक आधी हवा आणि चलनाची सूचना १५ दिवसांत निघायला हवी. यातलं काही नसेल तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवा, कोर्टात लढा, मी स्वतः अशी चलनं लढवते. पण तुमच्या बाबतीत ही पळवाट शोधत बसू नका. ९४, १०१, ९७ हे आकडे खरे आहेत असं तुमच्या पत्राच्या ओळीओळीतून दिसतं.

आणि चुकीच्या जागी लावलेला फलक हे वेगाची मर्यादाच नको याचं कारण होत नाही. ८० चा वेग म्हणजे सेकंदाला २२ मीटर, ९७ म्हणजे २७. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा आणि रस्ता कोरडा, ब्रेक चांगले धरा. ८० ला गाडी साधारण ६३ मीटरवर थांबते, ९७ ला ८७ मीटरवर. मधल्या चोवीस मीटरमध्ये दोन ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर मावतो. दिवाळीनंतर कारखान्यांचे बॉयलर पेटले की मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर हा पट्टा पहाटे कसा असतो हे मी तुम्हाला काय सांगणार? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली आणि त्यातली ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यावर मांडली आहेत. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक फिर्यादीत ‘भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने’ हे शब्द छापल्यासारखे येतात, म्हणून त्या टक्केवारीकडे मी थोडं जपून बघते. पंचनाम्यातल्या ब्रेकच्या खुणा मात्र मी स्वतः वाचल्या आहेत.

आता ‘भर आणि मिटव’. यात तुमची सगळ्यात मोठी फसगत आहे. दंड भरला की प्रकरण मिटलं असा सार्वत्रिक समज आहे. कलम २०० च्या परंतुकात स्पष्ट लिहिलंय की तडजोड शुल्क, म्हणजे कोर्टात न जाता भरलेला दंड, भरलं तरी तो गुन्हा पुढच्या वेळी ‘आधीचा गुन्हा’ म्हणून मोजला जातो, आणि लायसन जप्तीच्या कारवाईतूनही सुटका होत नाही. कलम १८३ मध्ये तुमच्या वर्गाच्या गाडीला पहिल्या वेळी १ ते २ हजार दंड आहे, आणि दुसऱ्या वेळेपासून लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवायची तरतूद आहे. तिथं कलम १९ खाली पहिल्या वेळी तीन महिने अपात्रता, पुन्हा तेच झालं तर लायसन रद्द. ड्रायव्हरचं तीन महिने लायसन गेलं म्हणजे घराचं काय होतं, ते तुम्ही जाणता.

त्यामुळं तीनही चलनं पोर्टलवर उघडून तारखा लिहून घ्या. कॅमेऱ्याचं चलन गाडीच्या नंबरवर निघतं. त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं ते सांगायची जबाबदारी कलम १३३ खाली मालकावर आहे. ड्युटीच्या वहीत त्या दोन दिवशी दुसऱ्याचं नाव असेल तर ते चलन तुमच्या माथी मारून घेऊ नका. तुमचंच नाव असेल तर नाकारूही नका, खोटं बोलून केस उभी राहत नाही. तिसरं चलन तुमच्या लायसनवर आहे, ते दिलेल्या मुदतीत भरा. आरटीओची नोटीस आली तर बाजू मांडायची संधी देणं त्यांना बंधनकारक आहे. तिथं मेसेज आणि वरचा हिशेब मांडा, गव्हर्नरची गोष्ट लपवू नका. आदेश विरोधात गेला तर ३० दिवसांत अपील करता येतं.

पगारातून कापलेल्या चार हजारांबद्दल. मालकाला मनाला येईल तसा दंड पगारातून कापता येत नाही. कामगाराला आधी बाजू मांडू द्यावी लागते, आणि एका महिन्यात दंडाची रक्कम वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. तुमच्या १६ हजारांवर ते ४८० रुपये होतात. तुमच्या चुकीनं झालेलं नुकसान वसूल केलं असं तो म्हणेल. ज्या वेगाचा हुकूम त्यानंच दिला, त्याचं नुकसान तुमच्याकडून घेता येणार नाही, असं आपलं उत्तर राहील. पगाराची नोंद आणि बँकेचा उतारा घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या.

नोकरी जाईल ही भीती खोटी नाही आणि मी ती हलकी करत नाही. पण मालकाशी तोंडी भांडू नका, त्यानं तुमच्या हातात काहीच उरत नाही. वकिलाची फी हा प्रश्न असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, तुमच्या उत्पन्नात मोफत वकील मिळू शकतो. आणि आज रात्री, उद्याची ड्युटी लागण्याआधी, त्याच नंबरवर हा मेसेज टाका :

‘साहेब, नमस्कार. सात रस्ता ते स्वारगेट सव्वातीन तासांत कायद्याच्या वेगात होत नाही. गाडीला ८० चा गव्हर्नर सक्तीचा आहे, तो आपल्या सांगण्यावरून काढलेला आहे, कृपया परत बसवून द्यावा. थांबे धरून चार तास पंचेचाळीस मिनिटांची वेळ द्यावी किंवा पहाटे तीनला सोडावं. गव्हर्नर बसल्यावर मी ड्युटीला हजर आहे.’