सिमेंटची बाटली उघडण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाला. प्लॅस्टिकच्या मॉडेल किटचा खोका उघडल्यावर तासाभरात स्पिटफायरच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या त्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या, धडाचे दोन्ही भाग चिकटवून तू मोकळी झालीस, आणि ज्याने विमान चालवायचं तो पायलट मात्र टेबलावर पडलाय. हसू आलं. माझ्या पहिल्या विमानाचा पायलटही असाच बेवारस राहिला होता.

आधी त्याची सोय बघू. बहुतेक स्पिटफायरच्या किटमध्ये खालचा पंख एकसंध असतो आणि तो लावेपर्यंत धडाचं पोट उघडं राहतं. कॉकपिटचा तळ तिथून चिमट्याने वर सरकतो का ते बघ. सरकला तर उत्तम. नाही सरकला तर जोर लावू नकोस. कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, बंद ठेव आणि पुढे चल. पहिल्या विमानात एवढं चालतं.

आता खरं सांगायचं ते. तुझ्या फोटोत बिघडलंय ते हातांच्या घाईमुळे, कौशल्य कमी म्हणून नाही. या कामात हात कुठे लावायचा यापेक्षा कधी काढून घ्यायचा हे शिकायला जास्त वेळ लागतो.

किटचे भाग जोडायच्या सिमेंटचंच घे. आपण सवयीने त्याला गोंद म्हणतो, पण तो गोंद नव्हे. किटचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरिन असतं आणि पातळ सिमेंट त्याला विरघळवतं. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात, मग द्रावक उडून जातो आणि सांधा घट्ट होतो. वरून तो पाच मिनिटांत वाळल्यासारखा वाटतो, पण आतून कडक व्हायला एक दिवस दे. दोन्ही भाग कोरडेच जुळवून धर आणि ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकव. सिमेंट आपोआप फटीत ओढलं जातं. तेव्हा तुझं बोट त्या सांध्यावर असेल तर ते बोटाखालीही शिरेल. माझ्या एका विमानाच्या उजव्या पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा आहे, दस्तऐवजावर उमटवावा इतका स्वच्छ. तेव्हा वाटलं, वर रंग बसला की दिसणार नाही. रंगाने तो जास्तच उठून दिसला.

सिमेंट लागल्यावर धड हलकेच दाबलंस तर सांध्यातून वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक वरंबी वर येते. ती लगेच पुसायची नाही. दुसऱ्या दिवशी पात्याने खरवडायची, मग पॉलिशपेपर, आधी ४०० नंबर, मग ६००, शेवटी १०००, तोही पाण्यात बुडवून. ही वरंबी नीट आली तर धडाच्या सांध्यात लांबी भरावीच लागत नाही. पंख धडाला मिळतो तिथली फट मात्र हमखास राहते. सिमेंट लावण्याआधी सगळं कोरडं जुळवून बघ. स्पिटफायरचे पंख समोरून पाहिले तर सुमारे ६ अंश वर उचललेले दिसतात. सांधा वाळत असताना एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विमानाच्या वरून मास्किंग टेप ताणून लावली, तर पंख आपल्या कोनात राहतात आणि फटही बरीच मिटते. टेप लावलीस की विमान कपाटात ठेव. टेबलावर ठेवलंस तर हात जाणारच.

खाली उलटून बघशील तेव्हा गोंधळू नकोस. सुरुवातीच्या स्पिटफायरला पायलटच्या उजव्या पंखाखाली मोठा चौकोनी रेडिएटर असतो आणि डाव्या पंखाखाली ऑइल कूलरची सडपातळ नळकांडी. दोन्ही बाजू सारख्या झाल्या त्या पुढे, मार्क ९ या आवृत्तीत. माझं विमान हातात घेऊन एका पाहुण्याने ‘एक भाग हरवला वाटतं’ म्हटलं होतं. मी तेव्हा रेडिएटरवर जे व्याख्यान दिलं, त्यानंतर ते पाहुणे माझ्या कपाटाकडे फिरकलेले नाहीत.

रंगाला हात घालण्याआधी एक ठरव: तुझं विमान कोणत्या महिन्यातलं? हे चोखंदळपणासाठी सांगत नाही, याने निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. १९४० च्या उन्हाळ्यातलं, म्हणजे ब्रिटनवरच्या हवाई लढाईतलं असेल तर वर गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खाली ‘स्काय’ नावाचा फिकट हिरवट रंग. हा खालचा रंग त्या वर्षीच्या जूनमध्ये आला. त्याआधी पोट अर्धं काळं, अर्धं पांढरं असे. शेपटीजवळचा फिकट पट्टा नोव्हेंबरअखेर आला. तेव्हा ऑगस्टमधल्या विमानाला तो लावू नकोस, खोक्यावरचं चित्र कितीही देखणं असलं तरी. आणि ऑगस्ट १९४१ पासून तपकिरीच्या जागी करडा.

बंदुकांचंही तसंच. पंखांत ब्राउनिंगच्या आठ मशीनगन. त्यांच्या तोंडांवर लाल कापडाचे चौकोन चिकटवत, धूळ आणि थंडी आत जाऊ नये म्हणून. पहिल्या फैरीला ते फाटत. म्हणजे चौकोन शाबूत दाखवायचे असतील तर पंखाखाली धुराचे काळे ओघळ काढायचे नाहीत. दोन्ही एकत्र आलं की विमान खोटं दिसतं, आणि पाहणाऱ्याला का ते सांगताही येत नाही.

पत्र्यांमधल्या रेषा काळ्या करायच्या का, असं विचारलंयस. थोडा हिशेब कर. तुझं किट १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं आहे, ११.२३ मीटर पंखविस्ताराचं विमान साडेपंधरा सेंटीमीटरवर आलंय. त्यावरची पाव मिलिमीटरची खाच खऱ्या विमानावर १८ मिलिमीटरची होईल, म्हणजे बोट जाईल एवढी फट! आर. जे. मिचेल या अभियंत्याने आखलेलं हे विमान ५ मार्च १९३६ ला पहिल्यांदा उडालं. त्यावरचे रिवेट पत्र्याशी सपाट होते आणि ते बसवणं वेळखाऊ काम. गोल डोक्याचे स्वस्त रिवेट कुठे चालतील हे पाहायला विमान बनवणाऱ्यांनी रिवेटांवर चक्क वाटाण्याची डाळ चिकटवून विमान उडवलं, आणि वेग किती घटतो ते मोजलं. डाळीच्या दाण्याएवढ्या उंचवट्याचा हिशेब ठेवणाऱ्यांच्या विमानावर आपण काळ्या चौकटी आखायच्या? करड्या-तपकिरी रंगाचा अगदी पातळ वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पाण्यासारखा रंग, दे आणि बराचसा पुसून टाक.

रंगाआधी सगळं कोमट साबणपाण्याने धू, बोटांचं तेल जाऊ दे. मग प्राइमर. रंगाचे दोन-तीन पातळ हात दे. एका जाड हातात काम उरकायला गेलीस तर रेषा बुजतात.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची चिन्हं, लावण्याआधी चकचकीत वार्निशचा एक हात हवाच. मॅट रंगाच्या खरबरीत पृष्ठभागात डिकलखाली हवा अडकते आणि कडेने चांदीसारखं चमकत राहतं. डिकल कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडव, बाहेर काढ, कागद स्वतःहून सुटेपर्यंत थांब. मग ओल्या ब्रशने ढकलत पंखावर सरकव. त्यावर सेटिंग सोल्यूशन, म्हणजे डिकल मऊ करणारं द्रावण, लावलंस की दोन मिनिटांत ते चिन्ह सुरकुततं. वाळलेल्या पानासारखं. छातीत धस्स होईल. बोट पुढे जाईल, सुरकुती सरळ करायला. तेवढं करू नकोस! डिकल त्या वेळी मऊ झालेलं असतं, बोट लागलं तर फाटेल. खोलीतून बाहेर जा. परत येशील तेव्हा ते रंगवल्यासारखं सपाट बसलेलं असेल, पत्र्याची रेषाही त्यातून दिसेल. माझी दोन चिन्हं मी अशीच फाडली, तीही एकाच संध्याकाळी.

कॅनॉपीला सुपरग्लू अजिबात नाही. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिक पांढुरकं होतं. पांढरा गोंद टूथपिकने लाव. चौकटींवर आधी कॉकपिटचा करडा-हिरवा आणि त्यावर बाहेरचा रंग दे, म्हणजे आतून बघितलं की आतलाच रंग दिसतो.

अँटेनाची काठी आणि डाव्या पंखाखालची पिटो नळी, म्हणजे वेग मोजायची बारीक नळी, अगदी शेवटी, वार्निशही झाल्यावर. सूचनापत्रकात नळी पंखाबरोबरच लावायला सांगितलेली असेल, तरीही. माझी तीनदा तुटली, तिसऱ्यांदा शर्टाच्या बाहीला अडकून, आणि पुन्हा सापडलीच नाही. शेवटी इंजेक्शनच्या सुईचा तुकडा लावला. तो प्लॅस्टिकपेक्षा बरा दिसतो, पण तुला आत्ता तो उद्योग नको.

पायलट पोटातून आत गेला का, ते कळव.

तुझा,
काका